मनगटावरचा नंबर

करावे गावाच्या वेशीवर सकाळी
मी एकेकाच्या मनगटावर माझा नंबर लिहीत होते.
घामावर बॉलपेन उमटेना.
द्वारका मढवीनं थर्मोकोलच्या पेटीवर नाव घालायचा
काळा मार्कर पुढं केला :
"यानी लिव. बर्फाच्या पान्यानी बी जात नाय."

फोन आधी काढून घेतील, मी सांगितलं.
नाव विचारलं तर नाव सांगा.
कोऱ्या कागदावर सही करायची नाही.
उगाच ओरडू नका.
"वकीलबाय, ओरडायलाच चाललोय आम्ही."

रात्रीचे डंपर तळ्यात माती ओततात.
फलकावर तेवढंच होतं : पाणी कुठं गेलं?
दुपारपर्यंत त्या तीन शब्दांचा
"प्रक्षोभक मजकूर" झाला,
प्रश्नचिन्ह नोंदवायचं राहून गेलं.

बेलापूरला साहेब म्हणाले,
अटक नाही मॅडम, नुसतं बसवलंय.
मग उठू द्या, मी म्हणाले.
ते पंख्याकडे बघत राहिले.

सहा त्रेपन्नला सूर्य मावळणार होता.
टेबलावरच्या पेपरात, राशिभविष्याच्या खाली, वेळ छापलेली.
मी पेपर त्यांच्याकडे सरकवला.
दिवस बुडाल्यावर बाईला अटक नाही,
हे त्यांनाही पाठ होतं,
फक्त कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवायला हवं असतं.
सहा एकावन्नला सात बायका पायऱ्या उतरल्या.
चार पोरं आत राहिली.

रात्री एकला मी अर्ज टाइप केला.

कोर्टात न्यायाधीश बाई मध्येच थांबल्या,
चष्मा कपाळावर नेला.
"वकील, तुम्हाला नक्की काय हवंय?"
मी वाचलं : चौघांना जमीन मंजूर व्हावा.
एक काना राहिला होता.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
त्यांनी स्वतःच्याच पेनानं काना घातला
आणि जामीन दिला.

जामीनदार म्हणून द्वारका उभी राहिली,
तर तिचं घर गावठाणाच्या रेषेबाहेर,
चाळीस वर्षं उभं, कागदावर नाहीच.
मग रोख. बर्फानं ओलसर नोटा
कारकुनानं दोनदा मोजल्या, बोटं हुंगली.

जिन्यात ती मनगट चोळत होती.
शेवटचा आकडा तेवढा पुसट झालेला.
"काय चुकलं व्हतं तुझ्या कागदावं?"
मी सांगितलं. मला वाटलं, हसेल.
ती दोन पायऱ्या उतरली, थांबली.
"बरोबरच लिवलं व्हतंस की.
सुधारू दिलंस कशाला?"