पात्याचा कोन

फॉर्मवर रकाना आहे : प्रशिक्षणार्थीच्या अडचणी.
मी लिहिते : वायेडा प्रश्न विचारत नाही.
मग खोडते.

परळला, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर,
मेणाच्या ठोकळ्यात कुणाच्या स्तनाचा, कुणाच्या आतड्याचा
नखाएवढा तुकडा.
त्याची चार मायक्रॉनची पट्टी कापायची
आणि कोमट पाण्यावर सोडायची, सायीसारखी.
तिची दर वेळी फाटते.
"समजलं?"
"हो मॅडम."
हे "हो" मी ओळखते.
त्र्याण्णव साली मीही हेच म्हणायचे, दारूवाला सरांना,
आणि जिन्यात जाऊन रडायचे.

मंगळवारी मला राहवलं नाही.
"सरक," म्हणाले, चाक हातात घेतलं,
अर्ध्या तासात बारा ठोकळे.
ती बाजूला उभी, हातमोजे घालून,
भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.
काम झालं.
शिकवणं तेवढं राहिलं.

आज मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेय,
खरंच, बाकावरच्या पोरीसारखी.
एक पट्टी फाटली. दुसरी चुरगळली.
ओठांवर आलेलं वाक्य गार चहाबरोबर गिळलं.
तिसरीआधी ती थांबली,
मान न वळवता म्हणाली,
"मॅडम, तुम्ही पात्याचा कोन किती ठेवता?"

किती?
तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मनगटाला ठाऊक होतं, मला नव्हतं.
उठले. वाकले.
आकडा बारीक होता,
चष्मा लावून बघावा लागला.