चौतीस, बत्तीस

ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून सायकल नागपूरहून आली,
नणंदेच्या मुलाची. त्याला आता लहान होते.
मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल, बोटाएवढे टायर,
पुढच्या चकतीला पन्नास दाते.
गावातली पोरं दाते मोजून गेली.
एकानं एकोणपन्नास मोजले, त्यावरून भांडण झालं.

त्रिवेणी अकरा वर्षांची.
जिनिंगच्या काट्यावर एकोणतीस किलो.
बोरखेडीच्या चढावर, म्हसोबाच्या दगडापाशी,
ती पायडलवर उभी राहिली, सगळं वजन एका पायात,
आणि सायकल थांबली.
मग आडवी झाली, सावकाश,
म्हैस बसते तशी.

तिचे बाबा म्हणाले, राहू दे.
वाढत्या अंगाची हाये पोट्टी, वर्षभरात येईन बरोबर.

हे वाक्य माझ्या रोजच्या ओळखीचं.
जूनमध्ये गणवेश टाकायला येतात ते हेच म्हणतात,
मोठाच शिवा बाई, दोन वर्षं गेला पाहिजे.
मग शाळेच्या रस्त्यानं पोरं जातात
बाह्यांत हात हरवलेली,
एका हातानं चड्डी धरून.

मुनीर मिस्त्रीनं खडू मागितला.
टायरवर एक रेघ, जमिनीवर एक.
पायडलचा एक फेरा, म्हणाला, पुरा एकच.
सायकल किती पुढं गेली ते मोजायला
त्याच्याकडं टेप नव्हती.
माझ्या गळ्यात होती. असतेच.

सगळ्यात जड गिअर: सहा टेपला वीतभर कमी.
सगळ्यात हलका: दोन टेप, भरून.
सपाटीवर चालून जाईन, मिस्त्री म्हणाला,
पण चढावर या लेकराले
एका फेऱ्यात दोन टेप जमीन उचला लागते, बाई.
तवा काहून नाही पडणार?

मला अकराचंच पाहिजे, त्रिवेणी म्हणाली.
मागचं सगळ्यात छोटं चाक, अकरा दात्यांचं.
दादा त्याच्यावरच पळवायचा.
तिला कोणी उत्तर दिलं नाही.

पोत्यातून चौतीसची चकती निघाली, गंजलेली,
रॉकेलमध्ये रात्रभर भिजली.
मागचा गुच्छा यवतमाळहून, मोठं चाक बत्तीसचं.
पुन्हा खडू, पुन्हा मी गुडघ्यावर.
एक टेप, वर बावीस इंच.
आता हलकं झालं, मिस्त्री म्हणाला,
आणि पहिल्यांदा चहा प्यायला.

मग बारीक पेचकस घेऊन
मागच्या यंत्राच्या कडेचा एक स्क्रू, तुरीच्या दाण्याएवढा,
त्यानं आत फिरवला. थांबला. अजून थोडा.
शेवटची दोन चाकं, अकरा आणि बारा, तिथंच राहिली,
चकचकीत,
पण साखळी तिथवर जाईना.
कापलं नाही, काढलं नाही.
पुढच्या साली एक सोडू, त्याच्या पुढच्या साली दुसरं.

मला सांगायचं होतं, याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं कापड,
अंगाला टोचत नाही,
उसवलं की पुरतं.
पण तो बोटांवरचं ग्रीस पुसत होता.
मी किती झाले ते विचारलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
ती चढाला लागली.
पाय माझ्या मशीनच्या चाकासारखे गरगर,
सायकल मात्र जेमतेम पुढं.
पोरं हसली. चालवते का पाय नाचवते?
ढुमन्यांची एक शेळी तिच्या बरोबरीनं चढत होती,
थोडी पुढंच होती.
तिचे बाबा काहीच बोलले नाहीत, तंबाखू मळायची थांबली.
म्हसोबाचा दगड आला.
गेला.
माथ्यावर पांढरी रिबीन दिसली, मग तीही नाही.

तासाभरानं घरी आली, लाल तोंडाची.
पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाली,
उतारावर पाय नुसतेच फिरतात, आई.
एक सोडायला सांग ना.
पुढच्या साली, मी म्हटलं,
आणि दातात धरलेला दोरा तोडला.

रात्री मशीनचा खण उघडला.
बॉबिनकेसचा छोटा पेचकस
जागेवर नव्हता.