प्रश्न नववा

फॉर्म वरून छापून आलाय.
गेल्या दोन आठवड्यांत स्वतःस इजा पोहोचविण्याचे विचार:
कधीच नाही, काही दिवस, बहुतेक दिवस, जवळजवळ रोज.
चार चौकोन. एकात खूण करा.

अंकुश धोत्रे, दारूखान्यात गॅसकटर,
शिवडीच्या दवाखान्यात माझ्या टेबलासमोर,
मे महिन्यात बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली.
"इजा म्हणजे कामावरची का, ताई?"
मी म्हटलं, नाही.
मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

पत्ता सांगताना तो हसतो.
दारूखान्यात राहून दारू सोडायचीय.
नावातली दारू तोफेची हो, बाटलीची नाही,
पण हे कुणाकुणाला सांगत बसणार.

"उदास" त्याला चालत नाही. उदास सिनेमातले होतात.
"नैराश्य" त्यानं उलटंपालटं करून पाहिलं
आणि परत सरकवलं माझ्याकडे, खोट्या नोटेसारखं.
त्याचा शब्द: कोंडतं.
कुठं?
इथं. आणि दंडात. मग काहीतरी फोडल्याशिवाय…
पुढचं तो बोलला नाही, मी लिहिलं नाही.

पाचव्या बुधवारी मी जहाजाचं विचारलं.
टाकी कापायच्या आधी काय करता?
तेव्हा माणूस खुर्चीत सरळ झाला.
"थेट बत्ती लावली तर मेलाच की.
आधी झाकण खोलायचं. रात्रभर वारा फिरू द्यायचा.
आत एकट्यानं उतरायचं नाही,
वर एक माणूस पाहिजे, हातात दोर."
आणि तोच थांबला.

बाहेर बाकावर त्याची बहीण,
डब्याची पिशवी मांडीवर.
पाच आठवडे तिला वाटतंय, भाऊ बीपीच्या गोळ्यांसाठी येतो.
"दोर तिच्याकडे द्यायचा म्हणता?"
मी काहीच म्हटलं नव्हतं.

पुढचे दोन बुधवार आला नाही.
फोन लागेना. मी तारखा टाकत राहिले.
आला तो बहिणीबरोबर, दाढी वाढलेली.
प्यायलो, म्हणाला, दोनदा.
"पण परवा रात्री कोंडलं तेव्हा शेवंतीला उठवलं.
शिव्या देत उठली. चहा टाकला.
शिव्या देतच बसली पहाटेपर्यंत.
तेवढ्यात वारा गेला."

नवव्या प्रश्नाच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलंय:
कोंडतं का? वर कोण आहे?
साहेबांनी पाहिलं तर खोडायला लावतील.

नर्सबाईंनी बीपीचा पट्टा आणला.
आज बाही त्यानंच वर केली.
तिकडे टक लावून बघायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय.
बघितलं.
वण जुने होते.
एक सोडून.