दोन सूत

जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
आमचं डायनिंग टेबल आता जेवणाचं राहिलेलं नाही.
त्यावर शिलाई मशीन, इस्त्री, खडूचे तुकडे
आणि लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल.
शुक्रवारी रात्री नऊला त्यात अकरा खिडक्या उघडतात.
कारवारच्या गिरिजाक्का, चिपळूणचा मुश्ताक,
भुसावळची सिल्विया, रेल्वेतून ड्यूटी संपवून,
वणीच्या दोघी जावा, एकाच खिडकीत दाटीवाटीनं.
"बागूलसाहेब, तुमचा आवाज बंद आहे."
"सदतीस वर्षं बंदच होता," ही ओट्यापासून.

एकच नमुना, सगळ्यांनी एकदम शिवायचा.
या खेपेला भिंगरी.
फार कुणी बोलत नाही.
अकरा घरांची खडखड बरणीपाशी येते,
मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
आणि प्रत्येक जण आपापला गॅस बघून येतो.

नोटांच्या छापखान्यात मी ताव तपासायचो.
रंग केसभर सरकला की ताव बाद.
सवय लागली ती लागलीच.
लग्नाला गेलो तरी आधी मांडवाची झालर दिसायची, वाकडी,
नवरी नंतर.

महिनाअखेर चौकोन टपालानं निघतात,
ज्याचे त्यानं अकरा, प्रत्येकाला एक.
भद्रकालीतला शिंपी मला कातरण किलोवर देतो,
शाळेच्या गणवेशाचं निळं, परकराचं उरलेलं,
कुणाच्या तरी साखरपुड्याचा मोरपंखी वीतभर.
मी साडेबारा इंच कापतो. पाव पाव इंच शिवणीत जातं, बारा उरतं.
आलेले चौकोन मोजतो.
सगळ्यांचेच जरा कमी भरायचे.
मी मोठ्या मनानं बारीक पट्टी जोडून घ्यायचो,
बोलायचो नाही.

डिसेंबरात गिरिजाक्कांचा आला.
जांभळं लुगडं, मध्ये हळदी भिंगरी, किंचित खोबरेल वास.
टोकाला टोक असं भिडवलेलं की नख शिरणार नाही.
टेप लावली. दोन सूत कमी.
असा हात, आणि मापात चूक?
लिहायलाच घेतलं, आक्का, राग मानू नका, पण

"टेप कधीची ती?" हिनं विचारलं.
मशीनबरोबर आलेली. एकोणनव्वदची.
हिनं नातवाच्या दप्तरातली स्टीलची पट्टी
काही न बोलता टेबलावर ठेवली.

आक्कांचा चौकोन साडेबारा. नेमका.
मुश्ताकचा साडेबारा. जावांचा साडेबारा.
माझा, पावणेतेरा.

पस्तीस उन्हाळे खिळ्याला लटकून
टेप सैल झाली होती, माणसासारखी, कळू न देता.

फोन लावला. आक्का हसल्या.
"तुमचे ऐसपैस येतात हो. आम्ही छाटून घेतो."
कधीपासून?
"पहिल्यापासून."
मग सांगितलं का नाही कुणी?
"अहो, नोटा बघणाऱ्या माणसाला माप काय सांगायचं!"

रात्रभर डोळ्यांपुढे अकरा घरांचे केर येत राहिले,
कारवारपासून भुसावळपर्यंत,
प्रत्येकात माझ्या कडांच्या चिंध्या.
सकाळी आक्कांचा फोटो आला.
केरात नव्हत्या. टाचण्यांच्या उशीत भरल्या होत्या,
गणवेशाचं निळं एका कोपऱ्यातून डोकावत होतं.

गोधडी झाली. माझ्या त्या उदार पट्ट्या
जिथं तिथं आहेत, उसवल्या नाहीत.
निफाडकडून वारं येतं तेव्हा ही ती गळ्यापर्यंत ओढते.
"जुळलं म्हणायचं तुमचं सूत."
दोन सूत सोडून, मी म्हणतो.

मेन रोडवरून नवी टेप आणली, पिवळी, कडक.
जुनी खिळ्यालाच आहे.
पुढच्या महिन्यात षटकोन, जावांनी जाहीर केलंय.
सहा बाजू.
पट्टी अजून मी नातवाला परत दिलेली नाही.