बाटली क्रमांक ७०४४

पहाटे तीन-दहाला बाटलीचं बूड पिवळं पडलं
आणि यंत्रानं मला हाक मारली.
बाहेर सामुद्रधुनीवरून वारा सुटलेला,
आमच्या पुन्ता आरेनासचा, माणसाला पाठीमागून ढकलणारा,
ज्याच्यासाठी इथं रस्त्याकडेला दोर बांधतात.

तू तीन मजले वर. ताप चाळीस.
मी तुला पाहिलेलं नाही.
माझ्याकडे तुझं आठ मिलिलिटर रक्त
आणि त्यावर चिकटवलेला आकडा.

काचपट्टीवर थेंब पसरला, जांभळ्यात बुडवला, धुतला.
भिंगाखाली बारीक काड्या,
किंचित वाकलेल्या, झाडून झाल्यावर
कोपऱ्यात राहतो तसला केर.
डॉक्टर ओयार्सोही फोनवर तेच म्हणाले:
"कातडीवरचं असणार काहीतरी, सुईबरोबर आलेलं.
चालू आहे ते औषध राहू दे."

एवारिस्तो मास्तरांच्या काळात मी गप्प बसले असते.
तेव्हा मेंढीच्या रक्ताच्या ताटलीवर पेरायचं
आणि वाट बघायची. एक रात्र, दुसरी.
मग साखरेच्या नळ्या, कुठली आंबते, कुठली नाही.
मास्तर झाकण उचलून वास घ्यायचे, मनाई असूनही,
आणि नाव सांगायचे.
बरोबर असायचं.
कधीकधी ते ऐकायला
वरच्या मजल्यावर कुणी उरलेलं नसायचं.

मी तांबड्या पेशी फोडल्या, नळी गरगर फिरवली.
तळाशी मोहरीएवढा गाळ.
तो पोलादी पट्टीच्या एका घरात सारवला,
वर आंबट द्रावाचा थेंब, वाळू दिला.
मग निर्वात पोकळी, लेझरचा फटका,
आणि जंतूच्या ठिकऱ्या उडाल्या.
हलक्या आधी पोचल्या, जड मागून,
आमच्या रस्त्यावर टोप्या पुढे पळतात
आणि माणसं दोर धरून मागून येतात, तशा.
कोण किती वेळात पोचलं, एवढंच यंत्र मोजतं.
पडद्यावर सुळके उभे राहिले.
बाटली वाजल्यापासून एक्केचाळीस मिनिटं.

एरिसिपेलोथ्रिक्स.
गुण दोन पूर्णांक चौदा. दोनच्या वर विश्वास ठेवायचा असतो.
तरी मी शेजारच्या घरात पुन्हा सारवलं.
तेच.

परत फोन. नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगितलं.
"काम काय करतो हा माणूस?"
पलीकडे कागद उलटले.
"पोर्वेनीरचा आहे. खेकडे काढतो. सेंतोया."
"बोटं बघा त्याची."
बराच वेळ फोनमध्ये कुणीच नाही.
मग: "उजवी तर्जनी. जांभळी.
गेल्या महिन्यात काटा गेला होता म्हणतो."

रात्रभर जे महागडं औषध थेंब-थेंब तुझ्या शिरेत जात होतं
ते या जंतूला पाण्यासारखं.
याला लागतं साधं पेनिसिलिन,
माझ्या आईच्या लहानपणचं,
कपाटात मागे सरकलेलं.

पावणेपाचला वरून निरोप: सुरू केलं.

पुढचं मला ठाऊक नाही.
हृदयाची झडप कुरतडली होती का, तू बोटीवर परतलास का.
त्या जंतूचं नाव, गोत्र, प्रथिनांची वजनं मी सांगू शकते.
तू मात्र ७०४४.

तिसऱ्या दिवशी मेंढीच्या रक्तावर ठिपके उगवलेच,
टाचणीच्या टोकाएवढे, आपल्या सवडीनं.
मी झाकण किंचित उचललं.
वास घेतला नाही.
घ्यावासा वाटला.