वीस साइजचा क्रँक

कुर्ल्याला, पाइप रोडच्या आतल्या गल्लीत,
हकीमुद्दीनच्या गाळ्यात चार क्रँक निघाले
अठ्ठावन्नच्या डुक्कर फियाटसाठी.
चार म्हणजे त्याच्या हिशेबाने चार.
उल्काने फ्लँजची भोकं मोजली
आणि एक तिथल्या तिथे मागे सारला:
"हा आपला नाही मामा.
नुसता दिसायला आपला."

एक वर्षभर आडवा पडलेला, अंगावर गिअरबॉक्स घेऊन.
क्रँक उभा ठेवावा, नाहीतर टांगावा;
आडवा निजला की कण्यात बाक धरतो,
माणसासारखाच,
पण माणूस निदान कण्हतो.

एकाला चांदीचा रंग.
"कोरा माल आहे, शेठ," हकीमुद्दीन म्हणाला, माझ्याकडे न बघता.
रंगवलेल्या लोखंडाला मी आधी त्याचा आकडा विचारतो.
आकड्याच्या जागेवरून ग्राइंडर फिरला होता.
म्हणजे चाळीसच्या पुढे गेलेला.
चाळीसच्या पुढे बेअरिंग मिळत नाही,
फक्त नशीब.

आणि चौथा गोणपाटात.
ग्रीसचा थर, काकवीसारखा घट्ट.
रॉकेलने पुसत गेलो
तर तिसऱ्या गालावर अंगठ्याला लागलं:
वीस. शेजारी के. डी.
खाली एक बारीक टिंब.

काइतान डिमेलो.
माझगावच्या शेडमध्ये सात वर्षं
मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो.
आकडा काय, कुणीही ठोकेल, तो म्हणायचा,
टिंब मी रात्री पुन्हा मोजल्यावर देतो.

दोरीने टांगला. लहान हातोडीने एकच टिचकी.
वाजला!
पितळी ताट पडून फरशीवर फिरत राहावं, तेवढा वेळ.
"ऐकलंस?"
"मामा, तुमचा उजवा कान..."
पुढचं ती बोलली नाही.
रॉकेलचा हात पुन्हा फिरवला, कोरडा पुसला,
वर खडूची पूड फुंकली
आणि चहा मागवला.

अर्धा कप होईस्तोवर काही नाही.
मग दुसऱ्या पिनच्या बगलेत,
जिथे गोलाई गालाला मिळते,
पांढऱ्यावर एक तपकिरी रेघ उमटली,
ओल्या केसाने ओढल्यासारखी.
मी नख फिरवलं.
"नखाला लागत नाही."
"खडूला लागली ना."

टिंब खरंच होतं.
टिंबानंतर चाळीस वर्षं गाडी पळाली होती,
एवढंच.

तिने पिशवीतून व्ही-ब्लॉक काढले,
आडवा पडलेला त्यांवर चढवला, हाताने फिरवला.
डायलचा काटा तीन थाउ हलला.
दहा साइज. खडूला स्वच्छ.
"सरळ होईल," ती म्हणाली, "वीसला घासू."
मला तो अजिबात आवडला नव्हता.
तोच घेतला.

चौथ्याचे वजनावर पैसे मोजले
आणि माझ्यासमोर गॅसने दोन तुकडे करायला लावले.
"काय करताय शेठ, कुणाला तरी चालला असता!"
"म्हणून तर."
शिक्क्याचा तुकडा कुठल्या ढिगात पडला
मी पाहिलं,
पण उचलला नाही.

रिक्षात क्रँक आमच्या दोघांच्या मध्ये, उभा,
उल्काचा हात त्याच्या मानेवर.
कलिन्याच्या सिग्नलला तिने विचारलं,
"घासून झाला की शिक्का कुणाचा ठोकू?"
"तुझा."
"आणि टिंब?"
सिग्नल सुटला.
"टिंबाचं रात्री बघू."