उतारा

गुजरीतल्या आमच्या दुकानात
संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी
चटई उचलून खालची धूळ गोळा करायची, हा रिवाज.
कानशीचा कीस, राळेचे कण, केसांचा गुंता,
सगळं कुंच्यानं ओढून पत्र्याच्या डब्यात.
वर्षातून एकदा झारेकरी येतो,
मूठभर धूळ तळव्यावर घोळवतो, नाक मुरडतो
आणि तरीही पैसे मोजतो.
चाळीस वर्षांत मी एक रवा वाया घालवला नाही.

आणि घरी, शुक्रवार पेठेत,
झोपायच्या खोलीत शिरायचं म्हणजे
अंग चोरून, आडवं होऊन.

पूर आला तेव्हा
हाताला लागेल ते पलंगावर चढवलं होतं.
पिठाचा डबा, शिलाई मशीनचं डोकं, लेकीची जुनी दप्तरं,
कुणाच्या तरी लग्नातला, न उघडलेला डिनर सेट.
पाणी आठ दिवसांत उतरलं.
सामान उतरलं नाही.
भिंतीवरच्या पुराच्या रेघेवर चुना मारला,
आणि आमची झोप हळूहळू कडेला सरकत गेली,
सुलभा त्या कडेला, मी या कडेला,
मध्ये डिनर सेट.

"बघू रविवारी," मी म्हणायचो.
कोल्हापुरात रविवारी मटण असतं,
रविवारी काय बघणार?

परवा ती गडहिंग्लजला गेली,
बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
तिसऱ्या रात्री लाईट गेली.
बॅटरी कुठं, रक्तदाबाची गोळी कुठं, चष्मा कुठं,
चाचपडत उठलो
तर चष्मा पायाखालीच सापडला.
आवाजही आला.

तसाच बसून राहिलो, अंधारात.
दुकानात डोळे मिटून सांगेन,
सवागी कुठं, फुंकणी कुठं,
कुठल्या चिमट्याचं टोक किती वाकलंय.
आणि जिथं रोज बनियन काढून निवांत पडायचं
तिथं मी परका,
लॉजवर उतरल्यासारखा.

सकाळी गंगावेशीतून दूध आणलं,
चहा केला, आणि दुकानाला सुट्टी कळवली.
"आजारी काय?" मालक म्हणाले.
"व्हय," म्हटलं. खोटं नव्हतं ते.

आधी पलंगावरचं अंगणात आलं, मग पलंगाखालचं.
गादी मुश्ताक नदाफाकडं पिंजायला दिली,
तो म्हणाला, "काका, ही गादी न्हवं, फरशी हाय."
डिनर सेट उघडला. सहा ताटं, दोन फुटकी,
आणि तळाशी आहेराचं पाकीट, एकशे एक रुपये,
नाव पुसलेलं.
दप्तरांत पुस्तकं नव्हतीच,
नुसत्या चिंचा, दगड झालेल्या.
दुपारी दोनला ढिगामागून खिडकी निघाली.
इथं खिडकी होती!
मीच बसवून घेतली होती, सागवानी,
भाव करून करून.

शेवटी केर काढला.
सवयीनं कागदावर घेतला,
सवयीनं परातीत धुतला,
पाणी वरवर सोडत, परात गोल हलवत,
जसं झारेकऱ्याला करताना पाहिलंय.
उतारा आला:
शर्टाचं एक बटण, मुगाचे दोन दाणे
आणि पुराचा बारीक गाळ, उन्हात चमकणारा.
अभ्रक असावं.
सोनं नव्हे, एवढं मला कळतं.
तरी लगेच ओतवेना.

त्या रात्री गोळीचं पाकीट उशाशी, डाव्या हाताला,
चष्म्याचं घर त्याच्या शेजारी (काच नवी),
बॅटरी खिळ्याला.
पिंजलेल्या गादीत कापूस अजून गरम होता.
डोळा कधी लागला, माहीत नाही.
पहाटेची काकडआरती
लहानपणापासून पहिल्यांदा हुकली.

आठ वाजता फोन.
"माझ्या आधार कार्डाचा फोटो पाठवा, हितं मागाय लागल्यात.
सापडणार न्हाई म्हणा तुम्हांस्नी..."
"कपाटात, दुसरा कप्पा, निळी पिशवी.
पाठवतो."
पलीकडं बराच वेळ काहीच नाही.
मग हळूच, "तब्येत बरी हाय न्हवं?"

बरी आहे म्हटलं.
कधी येतीस, तेवढं विचारलं.
पलंग लई रुंद झालाय,
हे फोनवर काय सांगायचं.